मेथीच्या दिवसांतली सभा

नाशिकच्या आमच्या जुन्या बाजाराचा इतिहास जगात एकाच माणसाला पाठ आहे, आणि त्याला एकही साल सांगता येत नाही. हे माझे मामेसासरे. खाली भाजीबाजार, वर सभागृह अशा त्या इमारतीत त्यांनी जन्मभर पालेभाजी विकली. दुरुस्तीनंतर दाराशी इतिहासाचा फलक लागणार होता, जागा दहाच ओळींची, आणि मजकुराचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं होतं. मी वाणसामानाच्या यादीचीही पक्की प्रत काढणारी बाई. मामांचं मागणं एवढंच, "सूनबाई, वरच्यांचं लय लिहितील लोक. खालच्यांची एक तरी ओळ टाक."

मी रकाने आखून बसले: साल, घटना, पुरावा. मामा सांगू लागले, "ती सभा मेथीच्या दिवसांतली. जिना भरला, माणसं माझ्या टोपल्यांत बसली." पुढची गवारीच्या टंचाईतली. हळूहळू ते नुसतं 'मेथीची सभा', 'गवारीची सभा' म्हणू लागले. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मेथी उत्पादकांची ऐतिहासिक सभा', आणि फलकाच्या समितीत वाचून टाळ्याही घेतल्या. मामांना कळलं तेव्हा हसता हसता त्यांना ठसका लागला. "अगं, वर पाण्यावरून भांडणं चालली व्हती! मेथी खाली, माझ्या टोपलीत!"

मजकूर द्यायच्या दिवशी खात्रीसाठी मी त्यांना बाजारात नेलं. वर कुणीतरी माइक तपासत होतं. "हॅलो, हॅलो" ऐकताच मामा बोलता बोलता गप्प झाले. समोरच्या भाजीवालीला त्यांनी पालक दाखवला आणि दोन बोटं वर केली.

"काका, बोला ना! घसा बसला का?" ती ओरडली.

मामांनी हात खाली घेतला. बाहेर आल्यावर म्हणाले, "वर माणूस बोलाया उभा राहिला की खाली आम्ही आवाज बंद करायचो. सगळा धंदा बोटांवर. कुणी सांगितलं नव्हतं."

"कधीची गोष्ट?" मी पेन काढलं.

"नाय आठवत."

"बरं, भाजी कोणती होती तेव्हा?"

ते बराच वेळ आठवत राहिले. "सगळ्याच व्हत्या."

माझ्या मजकुराची दहावी ओळ होती 'संकलन', आणि पुढे माझं नाव. अगदी जिवावर आलं, पण ती खोडून मी तिथे खालच्यांची ओळ लिहिली. साल कोरं, पुरावा कोरा.

उद्घाटनाला वर भाषणं रंगली होती आणि खाली विक्रेत्यांचा गलका. मामा फलकासमोर एकटेच उभे होते, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून. मला त्यांना काही सांगायचं होतं. पण वर कुणीतरी बोलत होतं, म्हणून मीही शेजारी गप्प उभी राहिले.