उखा डॉक्टरांची तागडी

मुंबईच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर शिकले होते, तिथल्या बालरोग विभागाचं एक पातळसं बातमीपत्र अधूनमधून टपालाने यायचं. ते आलं की आमच्या शहाद्याच्या दवाखान्यात औषध देणं थांबायचं. डॉक्टर हातातली नळी गळ्यात अडकवून ओट्यावर उभे राहायचे आणि ते इंग्रजी पत्रक मोठ्याने वाचायचे. मग समोर बसलेल्या रोग्यांना त्याचा अर्थ अहिराणीत सांगायचे. "आमना डिपार्टमेंटमा पोरंसना नवा वार्ड झाया." विभागात कोणाला परीक्षेत पदक मिळालं, कोणी तान्ह्या मुलाच्या शिरेतून सलाईन दिलं, कोण विलायतेहून परत आलं, सगळं सगळं सांगायचे. एकदा कानाखाली गळू झालेला एक म्हातारा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मंग कोन्हं लगीन जमनं, डाक्टर?" त्याच्या मते इतक्या आनंदाने वाचण्यासारखा कागद एकच असू शकत होता.

मी नाशिकहून नर्स म्हणून आले तेव्हा मलाही पहिल्या दिवशी हेच वाचन ऐकावं लागलं. डॉक्टर रंगाने काळे, आडव्या बांध्याचे, डोक्यावर टोपी कायम तिरकी. हा माणूस डॉक्टर असेल असं वाटलं नाही. कापसाच्या गाडीबरोबर आलेला शेतकरी वाटला. तसा तो होताच. ब्राह्मणपुरीच्या एका खात्यापित्या पाटलांच्या घरातला हा एकुलता एक मुलगा. एकुलता एक म्हणजे एकटा उरलेला. त्यांच्या आधीची सगळी भावंडं वर्षाच्या आत गेलेली. म्हणून हा जन्मताच आईने त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उखा. टाकून दिलेल्या वस्तूकडे यमाचं लक्ष जात नाही, असा तिकडचा समज. कॉलेजात नाव बदलून घ्या असं एका प्राध्यापकाने सुचवलं, तर हे म्हणाले, "साहेब, या नावानेच मी जगलोय. ते सोडून कसं चालेल?" विभागाने त्यांना तिथेच राहा म्हणून सांगितलं होतं. ते राहिले नाहीत, शहाद्याला आले.

का आले, ते मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. असंच वाचन चाललं होतं. सातपुड्यातून कापूस वेचायला उतरलेली एक भिलीण ओट्याच्या कडेला झोळी घेऊन बसली होती. ती स्वतःच्या पायातला काटा काढून घ्यायला आली होती. डॉक्टर वाक्य अर्धं सोडून खाली उतरले, झोळीत हात घातला आणि पोर उचलून आत नेलं. आईला काही समजेना, मलाही समजेना. पोर रडत नव्हतं, ताप नव्हता, नुसतं पडून होतं. ते वाचलं, पण वाचेपर्यंत आम्ही दोघं घामाघूम झालो. नंतर हात धुताना ते म्हणाले, "रडस ते पोर चांगलं शे, बाई. चूप पडेल पोर देखं का मन्हा जीव घाबरस." माझ्याशी ते एरवी पुस्तकी मराठीत बोलत. जिवावर आलं की अहिराणीत शिरत.

त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. तान्हं मूल दर महिन्याला तोललं गेलं पाहिजे. विभागात तसं करत. ते म्हणायचे, "मूल एका दिवसात मरत नाही हो. ते महिना महिना घटत असतं. पण रोज बघणाऱ्या आईला ते दिसत नाही. घरातल्या कोणालाच दिसत नाही. मन्ही मायले तरी कोठे दिसनं?" यासाठी त्यांनी मुंबईहून पोरं तोलायचा एक पांढरा काटा आणला होता. तो माझ्या टेबलावर वर्षभर नुसता बसून होता. मी त्यात कापसाचे बोळे ठेवायची.

कारण आमच्याकडे पोर तोलत नसत. तोललं की घटतं, म्हणत. कळसाडीची एक ठसकेबाज बाई डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाली, "कापूस तोलतस, मिरची तोलतस. पोर काय इकाले काढेल शे?" डॉक्टरांनी तिला विभागाचं बातमीपत्र उघडून त्यातला फोटो दाखवला. काट्यात बसलेलं गुटगुटीत पोर होतं. तिने फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, "हाई आते जित्तं शे का?" डॉक्टर फोटोखालचा मजकूर चाळू लागले. बाई पोर पदराखाली घेऊन निघून गेली.

वाट त्यांना देवळात सापडली. नवसाचं मूल झालं की देवीसमोर त्याला गुळाने तोलायची रीत आहे. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गूळ. देवीसमोर तोललेल्याला नजर लागत नाही. आप्तांकडच्या अशाच एका नवसाला डॉक्टर गेले आणि तिथून जवळजवळ पळतच दवाखान्यात आले. दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी त्यांनी मुंबईचा काटा कपाटात टाकला, ओट्याच्या आढ्याला वाण्याची मोठी तागडी टांगली, भिंतीवर देवीची तसबीर लावली, हळदकुंकू वाहिलं आणि एका पारड्यात गुळाची भेली ठेवली. भेलीचं वजन आधीच करून ठेवलेलं. कमी पडलं तर भेलीखाली फडक्याआड छोटी वजनं सरकवायची, की मुलाचं वजन मिळालं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे विभागात शिकवतात का?" ते इतके खूश होते की चिडलेसुद्धा नाहीत.

आणि बायका आल्या. आधी दोघी-तिघी कुरकुरत, मग बाजारहाट उरकून रांगेने. तागडीत पोरं किंचाळायची, बायका हसायच्या, डॉक्टर प्रत्येकीला काहीतरी बोलायचे. एखाद्याचं वजन मागच्या खेपेपेक्षा उतरलेलं दिसलं की त्याच्या आईला बाजूला घेऊन दूध किती, पाणी कुठलं, घुटी कोण देतं, सगळं विचारायचे. कितीतरी मुलं त्या तागडीने वेळेवर हाती लागली. डॉक्टरांनी हे सगळं विभागाला कळवलं आणि पुढच्या बातमीपत्रात चार ओळी छापून आल्या. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पश्चिम खानदेशात एका देशी रिवाजाचा मोठा कल्पक उपयोग करून घेतला आहे, अशा अर्थाच्या. ते पत्रक त्यांनी ओट्यावर वाचायला घेतलं, पण त्या चार ओळी आल्या तेव्हा ते माझ्या हातात दिलं. मग मीच माझ्या मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवल्या.

त्यांची आई तेव्हा ब्राह्मणपुरीहून त्यांच्याकडे राहायला आली होती. तिला सगळे मोठीमाय म्हणत. वाळलेली, ताठ, बोलण्यात हिशेबी. एका बाजाराच्या दिवशी ती ओट्यावर बसून सगळं बघत होती. बायका गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "गूळ वाटा का, भाऊ?"

"कोणता गूळ?"

"पोरं तोलात तो. देवीसमोर तोला तो गूळ देवीना व्हस. तो वाटना पडस."

डॉक्टर हसले. "माय, तो गूळ नही, माप शे."

खरंच ते त्यांच्यासाठी माप होतं. तीच भेली पुन्हा पुन्हा. मुंग्या लागू नयेत म्हणून आम्ही ती डब्यात घालून कपाटात ठेवायचो आणि कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलेल्या माणसाला गूळ वाटायची गोष्ट आधी सुचायला हवी होती. बाहेरून आलेला डॉक्टर असता तर चार जणांना विचारून वागला असता. हे आपल्याच गावात कोणाला काय विचारायचं म्हणून चुकले.

पुढच्या वर्षी गोवर आला. नेहमीसारखा आला असता तर निभावला असता. पण त्या उन्हाळ्यात गोवर जाता जाता जुलाब लावून जायचा. दवाखान्याच्या पडवीत मुलं ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी आठवडा-आठवडा अंगातला सदरा बदलला नाही. जी मुलं गेली त्यांत तोललेलीही गेली, न तोललेलीही गेली. पण न तोललेल्यांचा हिशेब कोण करतो? तोललेलं एकेक पोर सगळ्यांना नावानिशी आठवत होतं. आणि मग कुठून तरी भेलीची गोष्ट फुटली, लोक बोलू लागले. डॉक्टरने देवीचा गूळ कपाटात ठेवला. प्रत्येक पोर देवीपुढे तोललं आणि देवीला एकाचंही काही दिलं नाही. आता देवी आपलं घेतेय.

कळसाडीची ती ठसकेबाज बाईही शेवटी पोर तोलून घेऊ लागली होती. तिचा मुलगा गेला. ती ओट्यावर आली तेव्हा मला वाटलं ही आता आकांत करणार. तिने आवाजही चढवला नाही. "तू तोलेल पोरं गयात, भाऊ," एवढं म्हणाली आणि तागडीकडे न बघता उतरून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी त्याच दुपारी तागडी उतरवली. भेली गोमाई नदीत सोडायला त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, वाटून टाकू. ते म्हणाले, "आते कोन खाई?"

बाजाराच्या दिवशी ओटा रिकामा राहू लागला. विभागाने वर्षभराची वजनं छापण्यासाठी मागवली, त्यांनी उत्तर पाठवलं नाही. बातमीपत्रं यायची ती न उघडता पडून राहायची. मी एकदा मुद्दाम फोडून पुढे ठेवलं, तर म्हणाले, "बाई, त्यांचं चांगलं चाललंय. चालू द्या."

त्याच सुमारास त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, मुलगी झाली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आधीची दोन बाळंतपणं फुकट गेली होती. मोठीमायने मुलगी सुपात घालून सुइणीला दिली आणि मूठभर ज्वारी देऊन परत विकत घेतली. नाव सुपडी. डॉक्टरांनी मनाशी कमल ठरवलं होतं, पण ते सुपडीच म्हणू लागले. बारशाच्या दिवशी मोठीमाय सगळ्यांसमोर म्हणाली, "मन्ही नातले तागडीमा घालशी ते मी गोमाईमा उडी टाकसू." डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितलं, "नही घालाव, माय." तिचा हट्ट होता असं मी कसं म्हणू? तिने मुलं पुरली होती. एक वाचलं ते कसं वाचलं, हे तिला ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं.

मुलगी गोड होती. वहिनींना दूध कमी होतं आणि तेही हळूहळू आटत गेलं. मी आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जायची, त्यामुळे मला दिसलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "पोरगी उतरलीय हो." ते म्हणाले, "छे, काल तर हसत होती." मी म्हटलं, "एकदा काट्यावर घेऊ या. मोठीमाय देवळात गेल्यावर." तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काही भलतं सुचवलं होतं. "मी शब्द दिलाय, बाई. आणि मी बाप आहे. मला दिसत नाही का?" त्यांनी गाईचं दूध सुरू केलं, पण जरा जरासं, भीत भीत. दुसऱ्याच्या पोराला ज्या ठामपणे त्यांनी पाजलं असतं, तो ठामपणा त्यांच्या हातात उरला नव्हता. मग पावसाळ्याच्या तोंडी तिला साधे जुलाब लागले. अंगावर मांस असलेलं पोर त्यातून सहज उठलं असतं.

ती सकाळी गेली. मी पोहोचले तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि डॉक्टर उंबऱ्यात बसले होते. मोठीमायने मुलीला धुवून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं. ती उठली, नातीला घेऊन मुलासमोर आली आणि म्हणाली, "ले. आते तोल. आते नजरनं काय भ्याव?"

त्यात टोमणा नव्हता. इतके दिवस त्याची एक इच्छा आपण अडवून धरली, ती आता पुरी करावी, असं तिच्या मनात होतं. डॉक्टर हलले नाहीत. मोठीमाय तशीच उभी. शेवटी ते मला म्हणाले, "तुम्ही तोला, बाई." मी दवाखान्यातून मुंबईचा काटा आणला, त्यावर धुतलेलं फडकं घातलं आणि मुलीला ठेवलं. ती सबंध पारड्यात मावली आणि चारी बाजूंनी जागा उरली.

"किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. "महिन्यापूर्वी कळलं असतं, बाई," ते म्हणाले. "महिन्यापूर्वीच कळलं असतं."

ते माझ्याशी बोलले होते, पण मोठीमायने ऐकलं. तिचा हात तोंडाशी गेला. "महिना पहिले काय कळतं, भाऊ?" ती म्हणाली. ती खाली बसली, त्यांचा गुडघा धरला आणि पुन्हा विचारलं, "तोलतू ते काय कळतं?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन सावकाश म्हणाले, "काही नही, माय. तोलीसन काहीच कळत नही."

त्यानंतर ते बरीच वर्षं शहाद्याला होते. मोठीमाय खूप जगली आणि रोज दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसायची. तिच्यासमोर एक जरी पोर तोललं असतं, एक जरी वेळेवर हाती लागून वाचलं असतं, तरी आपण काय अडवलं होतं ते तिला उमगलं असतं. म्हणून त्यांनी पुन्हा कुठलंच पोर तोललं नाही. गोमाईच्या काठावर दर उन्हाळ्यात लहान लहान खड्डे खणले जात राहिले, आणि डॉक्टर आईच्या शेजारी बसून राहिले.