पंखावर बसलेले सुभेदार

घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बंद घड्याळं साठतात, हे सर्वांना ठाऊक आहे. किस्सेही साठतात, आणि ते न्यायला कुणी परत येत नाही. महाडच्या बाजारात आमच्या अण्णांचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथे कोपऱ्यात अभ्यास करते. मी बोलत नाही, म्हणून मला ऐकूही येत नसावं, अशी सर्वांची सोयीस्कर समजूत आहे.

अण्णांकडे डोळ्याला लावायचं भिंग आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी पोलादपूरकडचे तात्या सुभेदार अल्बम घेऊन येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते तीन वर्षं पलटणीबरोबर वायव्य सरहद्दीवर होते. तिथल्या लष्करी विमानांचे फोटो त्यात आहेत. विमानांची नावं मात्र तात्या विसरलेत. ती ओळखायला बैठक भरते. अध्यक्ष आमचे भूगोलाचे मास्तर, कारण पुस्तक त्यांच्याकडे आहे!

*

पुस्तक रद्दीतलं. विमानांच्या काळ्या आकृत्या, खाली इंग्रजी माहिती. अर्धं वाळवीने खाल्लेलं. पण सरहद्दीवर उडालेलं प्रत्येक विमान नेमकं उरलेल्या पानांतच निघे!

एकदा अण्णा म्हणाले, "मास्तर, खाल्लेल्या पानांतलं असलं तर?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "वाळवी महत्त्वाचं खात नाही."

*

पंखांवरून तर एक अख्खी संध्याकाळ गेली.

"चार पंख हायत," तात्या म्हणाले.

"दोन. वरचा एक, खालचा एक."

"डाव्या अंगाला दोन, उजव्या अंगाला दोन. चार नाय?"

"शास्त्रात दोनच धरतात."

"मग शास्त्रातली कोंबडी एका पंखाची असंल!"

*

खरं भांडण एकाच फोटोचं. "ह्या इमानात मी बसलोय. मागच्या सीटवर," असं तात्या वर्षानुवर्षं सांगत आलेत. पण फोटोत मागची सीट जिथे दिसायची, नेमका तिथेच पलटणीचा आचारी उभा. आचारी चांगला खाऊनपिऊन सुटलेला होता.

मास्तरांनी निकाल दिला, "हे लढाऊ. एकाच माणसाचं. तुम्ही बसलात कुठे तात्या, पंखावर?"

दुसऱ्या दिवसापासून सगळा बाजार विचारू लागला, "काय सुभेदार, पंखावर बसून आलात काय?" तात्यांनी हॉटेलात चहाला जाणं सोडलं.

*

मास्तरांनी पुरावाही शोधला. भिंग लावून ओरडले, "सापडली! नाकावर मशिनगन! म्हणजे लढाऊच!"

तेवढ्यात मशिनगन भुणभुणत उडाली आणि तात्यांच्या चहाच्या बशीवर जाऊन बसली.

मास्तरांनी मत बदललं नाही.

*

मग एक ट्रकवाला गजराचं घड्याळ न्यायला आला. फोटो बघून म्हणाला, "कशेडी घाट चढंल काय हे?"

"चढंल? वरून जाईल!" तात्यांची छाती फुगली.

"मग दरड कोसळली की तुमालाच हाक मारतो. पंखावर माझ्यापुरती जागा ठेवा!"

थट्टा घाट ओलांडून गेली होती. तात्या उठले. अल्बम तिथेच राहिला.

*

पुढच्या बाजाराला तात्या अल्बम कायमचा घरी न्यायला आले. बरोबर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, होत्या. मास्तर होतेच.

अल्बम आठवडाभर दुकानात होता आणि भिंग रिकामं होतं. मी वहीत तोंड घालून म्हटलं, "त्या भांडणाच्या फोटोत चाकांच्या मध्ये दिसतो तो ओरखडा नाही. लोंबता आकडा आहे."

अण्णांच्या हातातला चिमटा पडला.

"काय बोललीस गो?" तात्यांनी भिंग हिसकावलं. "आकडाच हाय! खाली दोन काठ्या रोवायच्या, मधी दोरी, दोरीला चिठ्ठीची थैली. इमान खाली यायचं नि आकड्यानं थैली उचलून जायचं! अवो, हे टेहळणीचं इमान! पुढं चालवणारा, मागं बघणारा!"

मास्तरांनी बोट ओलं करून पुस्तकाची दोन चिकटलेली पानं सोडवली. आत तशीच आकृती होती, चाकांच्या मध्ये आकडाही लोंबत होता. "ऑडॅक्स. दोन माणसांचं," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

दारात गर्दी जमली. ट्रकवालाही होता. तात्या एकेकाला आकडा दाखवू लागले.

काकू पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, "भुईवरची चिठ्ठी उचलायला इमान यायचं?"

"यायचं तर!"

"रोज?"

"रोज!" तात्या गर्दीकडे बघून म्हणाले.

काकूंनी पिशवी उचलली.

"मग तीन वरसांत मला एक चिठ्ठी कशी नाय आली?"