गोगलगायी भरदिवसा काचेवर

ग्रुपवाल्यांनो, मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून माझी मैत्रीण स्नेहल माझ्याशी बोलत नाही. तिने दिलेल्या गोगलगायी तेवढ्या माझ्या माशांच्या काचेच्या टाकीत आहेत. त्याही दिवसभर वाळूत घुसून बसतात.

आज वडपे गावातल्या गोडाऊनमधली शिफ्ट करून आलो, तर सगळ्या काचेवर! आई म्हणाली, "खूश दिसतायत रे." मी लगेच स्नेहलला फोटो पाठवला.

तिचं उत्तर आलं, "येड्या, पाणी खराब झालंय म्हणून वर आल्यात. किती खायला टाकतोस? आधी पाणी बदल."

डोकंच सटकलं. कसा आहेस, एवढं तरी विचार ना! तरी दुखऱ्या खांद्यांनी बादल्या उचलल्या, अर्धं पाणी बदललं.

आत्ता एकेक करून परत वाळूत चालल्यात. बरं वाटायला पाहिजे. पण आता तिला मेसेज कशाचा करू, सांगा.