सोमवारची थर्ड शिफ्ट

"मॅडम, उद्यापासून सुगंधाला येऊ नको म्हणून सांगतो. तुमचा तो एजंटच बरा," दिलीपशेठ म्हणाले. सुगंधा तिथेच, टेबलाच्या पलीकडे उभी होती.

रोह्यात दिलीपशेठच्या बसगाड्या आहेत. धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांची ने-आण त्या करतात. कुठली गाडी कधी पाठवायची हे शेजारच्या अष्टमी गावची सुगंधा बारा वर्षं फोनवर ठरवत आली. दोन महिन्यांपूर्वी शेठनी तिच्या मदतीला एजंट बसवला. एजंट म्हणजे नुसत्या गप्पा मारणारा नव्हे, कामं करणारा प्रोग्राम. मेसेज पूर्वीसारखे सुगंधाच्याच नंबरवर येतात, उत्तर तो देतो. त्याच्या हाताशी टूल्स असतात. एक गाडी बुक करतं, एक रद्द करतं, एक ड्रायव्हरला कळवतं. कुठलं टूल कधी, कसं वापरायचं हे तो त्या टूलच्या वर्णनावरून ठरवतो. ती वर्णनं लिहायला, हा एजंट बनवणाऱ्या पेणच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने मला घेतलं होतं.

मी धाटावच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झाले. एकतीस वर्षं एसओपी लिहिल्या, म्हणजे काम कसं करायचं याच्या पायरीपायरीने सूचना. त्यामुळे टूलचं वर्णन हा माझ्या डाव्या हाताचा मळ, अशी माझी समजूत होती.

झालं होतं असं. एका कंपनीत शटडाऊन होता. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चाललेली. त्यासाठी पेणचे अकरा फिटर यायचे होते. सुपरवायझरने रविवारी मेसेज केला, "सोमवारच्या थर्ड शिफ्टला अकरा माणसं. सुटल्यावर पेणला सोडायची."

गाडी सोमवारी सकाळी सातला गेटवर हजर, माणूस एकही नाही. मंगळवारी सकाळी अकरा फिटर रात्रभर काम करून गेटवर उभे, आणि गाडीचा पत्ता नाही. दोन तास वाट बघून बिचारे टेम्पोत उभ्याने पेणला गेले. कंपनीच्या साहेबांनी शेठना फोनवर चांगलंच झाडलं. एजंट सुगंधाच्या लॉगिनवरून काम करायचा, त्यामुळे बुकिंगपुढे नाव तिचं. शेठनी खापर तिच्यावर फोडलं.

"शेठ, मी हातसुद्धा नाय लावला," सुगंधा म्हणाली. "सोमवारी गाडी रिकामी आली तवाच सांगितलं मी तुमाला, कायतरी चुकतंय."

"मग काय कॉम्प्युटर चुकला?"

आमची प्रोग्रामर ऋजुता माझ्याबरोबर आली होती. तिने लॅपटॉप उघडला. एजंटने काय काय केलं त्याची नोंद लॉगमध्ये राहते. "बुकिंग एजंटनेच केलंय," ती म्हणाली. "तारीख सोमवारची, वेळ सकाळी सात."

मी टूलचं वर्णन वाचलं. 'दिलेल्या दिवशी, दिलेली शिफ्ट सुटण्याच्या वेळी गाडी बुक करते.' चूक या ओळीतच होती.

थर्ड शिफ्ट रात्री अकराला लागते आणि सकाळी सातला सुटते. सोमवारी रात्री कामावर गेलेला माणूस मंगळवारी सकाळी सुटतो, तरी हजेरीत ती सोमवारचीच शिफ्ट. धाटावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला तर एकतीस वर्षं ठाऊक, म्हणूनच ते लिहायचं सुचलं नाही. एजंटने आयुष्यात एकही शिफ्ट केलेली नव्हती. त्याने सोमवार घेतला, सकाळचे सात घेतले आणि गाडी पाठवून दिली.

खरं सांगते, क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. ऋजुताच्या लक्षात आलं होतं, पण माझ्या वयाकडे बघून ती बोलत नव्हती. सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मला स्वतःची लाज वाटली.

"शेठ, चूक माझी," मी म्हटलं. "ही ओळ मी लिहिली. सुगंधाचा काही संबंध नाही."

"तुमी, मॅडम? तुमी तर कंपनीला नियम लिहून दिलेत!"

"व्हय, मीच." मग मी सुगंधाला विचारलं, "तुला असा मेसेज आला असता तर काय केलं असतंस गो?"

"विचारलं असतं. थर्डवाल्यांना मी नेमी विचारते, सोमवारची म्हंजे मंगळवारी सकाळी सुटणारी ना? मानसं उपाशी उभी ऱ्हातात वो गेटवर."

"ताई, हेच परत सांगा," ऋजुता म्हणाली आणि टाइप करायला लागली.

नवं वर्णन असं झालं. 'थर्ड शिफ्ट ज्या रात्री लागते त्या दिवसाची धरायची. घरी सोडणारी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातची. बुक करण्याआधी वार आणि वेळ सांगून होकार घ्यायचा. होकार आला नाही तर बुक करायचं नाही, सुगंधाताईंना कळवायचं.' शेवटचं वाक्य मी घातलं. शेठनी ते वाचलं.

संध्याकाळी आम्ही तिथेच असताना त्या सुपरवायझरचा मेसेज आला. बुधवारच्या थर्ड शिफ्टला तीच अकरा माणसं. एजंटने विचारलं, "बुधवारची म्हणजे गुरुवारी सकाळी सातला सुटणारी ना?"

लगेच उत्तर आलं, "व्हय सुगंधाताई. मधी कुठं गेलावतात? लय हाल झाले आमचे."

शेठनी तो मेसेज दोनदा वाचला. मग सुगंधाला म्हणाले, "उद्या वेळेवर ये."

ती बारा वर्षं वेळेवरच येत होती. हेही कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.