आता तू मोठी झालीस

डॉक्टर ‘आर्थ्रायटिस’ म्हणाले तेव्हा मी हसले. म्हटलं, डॉक्टर, मी आत्ता कुठे तिशी ओलांडलीये, माझी मुलगी अजून बालवाडीत जायची आहे, तुम्ही कोणाचे रिपोर्ट बघताय? रिपोर्ट माझेच होते. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा प्रकार नव्हे, हा संधिवात तरुण बायकांनाही होतो, कधी कधी बाळंतपणानंतर डोकं वर काढतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, अधूनमधून रक्ताच्या तपासण्या, दुसऱ्या मुलाचा विचार तूर्त नको, आणि जड काही उचलायचं नाही. मी विचारलं, जड म्हणजे किती? त्यांनी माझ्या मांडीवर झोपलेल्या मुलीकडे पाहिलं आणि मग पुन्हा कागदात डोकं घातलं.

तशी बोटं बरेच महिने कुरकुरत होती. सकाळी उठले की मूठ मिटायची नाही. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नव्हती. मुलीच्या फ्रॉकची बटणं लावताना मनगटातून अशी कळ जायची की मी तिच्यावरच खेकसायचे, नीट उभी राहा म्हणून. ती बिचारी नीटच उभी असायची. पण दवाखान्यात जायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण आमच्या घरात दुखण्याचं कारण आधीच ठरलेलं होतं. बाळंतपणात मी कानाला रुमाल बांधला नाही, पंख्याखाली झोपले, शेक घ्यायचा कंटाळा केला, म्हणून अंगात वात शिरला. सासूबाईंचं हेच मत होतं आणि माझ्या आईचंही. एरवी या दोघींचं वरणाच्या फोडणीवरसुद्धा एकमत होत नाही. समोरच्या गुजराती काकींनी मेथीचे लाडू पाठवले, राई गावाहून मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी निर्गुडीचा पाला आणून दिला. मी लाडू खाल्ले, पाल्याने शेकलं. मूठ काही मिटली नाही.

रिपोर्ट आले त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. नवरा म्हणाला की बाहेर कुठे बोलायला नको, बिल्डिंगमध्ये प्रत्येक जण एकेक डॉक्टर आणि एकेक काढा सुचवेल. सासूबाईंना मुलीची काळजी होती. तिच्यासमोर दुखतंय-बिखतंय काही काढायचं नाही, पोरं मनात घेतात, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात आधी मान हलवली ती मी. मला आजारी आई व्हायचं नव्हतं. लहानपणी आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई सतत आजारी असायची. आम्ही सगळ्या तिच्याशी जरा हळू आवाजात बोलायचो. माझ्या मुलीशी कोणी तसं बोलायला नको होतं.

आता प्रश्न एवढाच होता की आमची मुलगी राहायची माझ्या कडेवर. जेसल पार्कच्या खाडीकाठी फिरायला जाताना कडेवर, भाजी आणताना कडेवर, लिफ्टमध्ये मजल्याचं बटण दाबायला तर हवीच कडेवर. समोर येऊन दोन्ही हात वर करायची आणि ‘घे’ म्हणायची. नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं आणि ते प्रत्येक घरात तयारच असतं. आता तू मोठी झालीस. बाटली सोडवायला हेच, रात्रीचा लंगोट सोडवायला हेच. मग कडेवरून उतरवायला आणखी वेगळं काय शोधायचं? सासूबाई म्हणाल्या, मग नवरा म्हणाला, मग मी. काकींच्या कानावर हे वाक्य गेलं तशा त्याही लिफ्टमध्ये म्हणू लागल्या, ‘अरे, अब तो बडी हो गई, मम्मी की गोद में थोडी ना बैठते हैं.’ खालचा वॉचमनसुद्धा म्हणाला.

औषध लागू पडलं. म्हणजे माझं नव्हे, तिचं. थोडे दिवस ती रडली, मग हात वर करायची थांबली. माझ्या कुर्त्याचं टोक धरून शहाण्यासारखी चालायला लागली. लोक कौतुक करायचे. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि त्याच वेळी वाईटही वाटायचं. संध्याकाळी ती आजीशी खेळत असली की मी कामाचा लॅपटॉप पुढे घेऊन उगीच रडायचे, आणि कोणी आलं की डोळे स्क्रीनने दुखतात असं सांगायचे.

मग तिचं खाणं कमी झालं.

आधी दूध सुटलं. मग सकाळचा शिरा. मग दोन्ही वेळचं जेवण दोन-चार घासांवर आलं. काऊ-चिऊचे घास झाले, गॅलरीत उभं राहून कबुतरं दाखवून झाली, मोबाइल न देण्याचा माझा बाणा होता तोही गुंडाळून ठेवला. ती ओठ घट्ट मिटून बसायची. भूक लागत नव्हती असं नाही. ताटलीकडे बघायची, आवंढा गिळायची आणि मान फिरवायची. सासूबाई तिच्यामागे वाटी घेऊन घरभर फिरायच्या, ‘खा गं बाई, मोठी व्हायचंय ना?’ हे ऐकलं की ती आणखीच ओठ आवळायची. आमच्या नाकी नऊ आले.

प्रत्येकाचं निदान वेगळं. दाढा येत असतील, जंत झाले असतील, खाडीवर संध्याकाळी नेता म्हणून नजर लागली असेल. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी वजन केलं, थोडं उतरलंय म्हणाले, जंतांचं औषध आणि एक टॉनिक दिलं. ती टॉनिकही पिईना. चेहरा एवढासा झाला होता. त्यात तिने एक नवीनच खूळ काढलं होतं. गेल्या वर्षीचा पिवळा फ्रॉक, जो मी बहिणीच्या मुलीला द्यायला काढून ठेवला होता, तोच घालायचा म्हणून हट्ट धरायची. दंडाला काचायचा, पाठीवरचं बटण लागायचं नाही, तरी तोच. मला वाटलं, खूळ ते खूळ, घालू दे. माझं सगळं लक्ष तिच्या ताटलीकडे लागलेलं. आपण हिच्यासमोर आजार बोललो नाही, तरी त्याची सावली हिच्या अंगावर पडलीच, असं काहीबाही मनात यायचं.

त्या दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी जमिनीवर बसून वरणभात कालवला होता. हात बरा नव्हता, म्हणून चमच्याने भरवत होते. दोन घास खाल्ले आणि ती थांबली. मी ओरडायच्या बेतात होते. तेवढ्यात तिने अंगातला तो पिवळा फ्रॉक पोटाशी आवळून धरला, माझ्यापुढे ताठ उभी राहिली आणि विचारलं, ‘आई, आता झाले मी लहान?’

मला कळलंच नाही. मी विचारलं, म्हणजे काय?

‘बघ ना, बसतो फ्रॉक. आता घेशील?’ आणि कितीतरी दिवसांनी तिने दोन्ही हात वर केले.

मी चमचा खाली ठेवला. खाल्लं की मोठी होशील, हे आम्ही तिला पहिल्या घासापासून सांगत आलो होतो. मोठी झालीस म्हणून आई घेत नाही, हे नंतर सांगितलं. दोन्ही वाक्यं आमची, एकाच घरातली, आणि आमच्यापैकी एकालाही ती शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटली नव्हती. तिने ठेवली. आमची तीन वर्षांची पोर माझ्या कडेवर परत येण्यासाठी उपाशी राहत होती. मला स्वतःचा राग आला, घरातल्या सगळ्यांचा आला, आणि त्या आजाराचा तर इतका आला की पहिल्यांदाच त्याला मोठ्याने शिव्या घालाव्याशा वाटल्या.

मी तिला म्हटलं, ‘तू मोठी झाली नाहीस. तू लहानच आहेस. माझे हात दुखतात, म्हणून मी घेत नाही.’

मी दोन्ही हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजलेले होते, एका मनगटावर पट्टा होता. आतापर्यंत मी तो लांब बाहीखाली लपवत आले होते. तिने एका बोटाने हळूच एक सांधा दाबून पाहिला. इथे दुखतं? हो. इथे? इथे पण. कोणी मारलं? कोणीच नाही, आपोआप दुखतं. डॉक्टरकाकांनी इंजेक्शन नाही दिलं? गोळ्या दिल्यात. मग उद्या बरं होईल? मी म्हटलं, उद्या नाही होणार, खूप दिवस लागतील, कदाचित थोडं दुखतच राहील. हे वाक्य मी तोवर नवऱ्याशीही बोलले नव्हते. घाबरेल, रडेल, असं आम्हाला वाटलं होतं. ती घाबरली नाही. तिला भलतंच काहीतरी पक्कं करून घ्यायचं होतं.

‘मी लहानच आहे ना पण?’

‘लहानच आहेस.’

ती माझ्या मांडीत येऊन बसली, हातांना धक्का लागू न देता, आणि तोंड उघडलं. गार झालेला वरणभात तिने सगळा खाल्ला.

संध्याकाळी नवरा घरी आला. आम्ही सगळे जेवायला बसलो. मी त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, कसं सांगायचं ते जुळवत होते. ती माझ्या मांडीवर चढून बसलेली पाहून तो सवयीने म्हणाला, अगं, उतर खाली, मोठी झालीस ना तू. सासूबाईंनीही मान डोलावली.

‘मी मोठी नाही झाले,’ ती म्हणाली. ‘आईचे हात दुखतात.’

घरात इतके दिवस तिच्यासमोर जे कोणी उच्चारलं नव्हतं, ते ती तोंडात पोळीचा घास धरून बोलून गेली होती, आणि आता पुढचा घास मागत होती.