जेव म्हणेपर्यंत

आज सकाळी शेरूपुढे दूधपोळीची ताटली ठेवली आणि तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता मी गच्चीवर गेलो. अर्ध्या तासाने खाली आलो, तर तो तसाच ताटलीपुढे बसलेला. पोळी दूध पिऊन फुगली होती आणि फरशीवर लाळेचं तळं साचलं होतं. ‘जेव’ म्हटल्याशिवाय तो तोंड लावत नाही, हे मी विसरलो होतो.

ही सवय त्याला मी लावलेली नाही. दहा वर्षं त्याला सांभाळणाऱ्या एका आजोबांची ती शिकवण. ते वारले, मुलांना कुत्रं नको होतं, म्हणून तो आमच्याकडे आला. पहिले दोन दिवस उपाशीच राहिला. “म्हातारा आहे, नखरे करतोय,” असं मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी बायको सहज म्हणाली, “जेव रे बाबा, किती वाट बघशील?” आणि त्याने ताटली चाटूनपुसून साफ केली.

“आयतं शहाणं कुत्रं मिळालं तुम्हाला,” शेजारी म्हणतात. खरंच आहे. पण त्याला आणताना माझ्या मनात काय होतं, ते बायकोलाही ठाऊक नाही. पिल्लू आणलं तर पंधरा वर्षं अडकणार, हा फार तर दोन वर्षं काढेल.

आता तिसरं वर्ष चालू आहे. जिना चढताना तो मध्येच थांबला, की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावतो.

मी खाली बसून ‘जेव’ म्हटलं. त्याने आधी माझा हात चाटला, मग ताटलीकडे वळला.