अंदाजेभाऊंनी न मोजलेली संत्री

संत्र्याच्या झाडाभोवती एक चक्कर मारली की अंदाजेभाऊ आकडा सांगत. "सातशे चाळीस." व्यापारी हसत, पैजेखातर झाड मोजून बघत आणि पुढच्या वेळी बगीचा घ्यायला जाताना त्यांनाच सोबत नेत. अंदाजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण संग्रामपूरच्या बाजारात खऱ्या आडनावाने चौकशी केलीत तर कुणाला पत्ता लागणार नाही. मी त्यांच्या गावची आशाताई होते, म्हणजे सरकारी दवाखान्याची गावातली आरोग्यसेविका. त्यांच्या बायकोसाठी, सुमनवहिनींसाठी गोळ्या घेऊन शेतातल्या त्यांच्या घरी गेले की भाऊ पुडीकडे लांबूनच बघून म्हणायचे, "ताई, एकतीस हायेत." माझ्या कागदावर तीस. मोजल्या की एकतीसच भरायच्या. असा राग यायचा मला त्यांचा.

वहिनींना लग्नानंतर अकराव्या वर्षी दिवस गेले होते. त्याआधी दोनदा आशा लागून तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी पाचवा लागला आणि भाऊंनी बगीच्यात फर्मान काढलं, 'गळ' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. संत्रेवाल्याचा अर्धा जन्म फळगळीच्या काळजीत जातो, त्याने हा शब्द टाळायचा म्हणजे कमालच झाली. फळं पडली की गडी येऊन सांगत, "भाऊ, दोन खाली आले." भाऊ गंभीरपणे मान हलवत. मला हसू यायचं, पण त्यांच्या पोटातली भीती ठाऊक होती. मीही तो शब्द त्यांच्यासमोर कधी काढला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. वहिनींचा भाऊ बीबीहून न्यायला आला. अंदाजेभाऊंनी त्याला पोटभर जेवू घातलं, पिशवीभर संत्री दिली आणि एकट्यालाच परत पाठवलं. म्हणाले, "फळावर आलेलं झाड जागचं हलवत नाही बा."

"मी काय झाड हाओ का?" वहिनी आतून म्हणाल्या. पण बॅग त्यांनीही भरलेली नव्हती.

घोळ झाला तो तारखेचा. डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा सांगितला होता. भाऊंना ते पटेना. "पहिलं फळ देठ लवकर सोडत नाही, ताई. मार्च उजाडते, पाहा तुम्ही."

"भाऊ, ते संत्रं नाही."

"मंग? माहा अंदाज आजवर चुकला का?"

झालं. त्याच भरवशावर त्यांनी संत्र्यांची तोड नेमकी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात धरली.

तोडीच्या दिवशी सकाळी दहालाच वहिनींना कळा सुरू झाल्या. मी धावत पोचले. दवाखान्याची गाडी डांबरी रस्त्यावर येऊन थांबली होती. पण तिथवर जायच्या एकुलत्या पांदणीत व्यापाऱ्याचा अर्धा भरलेला ट्रक चाकं रुतून अडकलेला. गाडी आत येईना, माणूसही धड बाजूने निघेना. उरला मधला बगीचा, फळांनी वाकलेला. "भाऊ, मधून गेलो तर किती वेळ लागेल?" मी विचारलं. ज्याच्याकडे आकडा नाही असे अंदाजेभाऊ मी पहिल्यांदा पाहिले. घाबरले तर मीही होते. आधीच्या दोन्ही वेळा मीच तिथे होते.

शेवटी वहिनीच ओट्यावरून म्हणाल्या, "तुमचा अंदाज राहू द्या. बाज आना."

तोडणीच्या सहा गड्यांनी बाज खांद्यावर घेतली. दोन ओळींमधल्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, बाज पुढे सरकेना. तेव्हा भाऊंनी कोयता उचलला. पुढे ते, मागे बाज, बाजूने वहिनींचा हात धरून मी. लगडलेल्या फांद्या ते सपासप छाटत निघाले. संत्री धबाधबा खाली येत होती, आमच्या पायांखाली फुटत होती.

"भाऊ, माल चालला," व्यापारी मागून ओरडला.

भाऊंनी वळूनही पाहिलं नाही. "गळू दे," ते म्हणाले. "सारी गळू दे."

दुपारी दीडला दवाखान्यात मुलगी झाली. तिचं रडणं व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. दुपट्यात गुंडाळून मी तिला भाऊंच्या हातात दिली आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "सांगा आता, वजन किती?"

त्यांनी तिला दोन्ही तळव्यांवर तोलून पाहिलं. डोळ्यांना धार लागली होती. "काटा आना, ताई," ते म्हणाले. "हिचा अंदाज मले नाही येत." मीही रडले, त्यात लपवायचं काय?

किती फळं गेली, ते व्यापाऱ्याने दुसऱ्या दिवशी विचारलं. "मोजली नाही," एवढंच भाऊ म्हणाले.

मी आता खामगावला राहते. परवा त्यांच्याकडे गेले होते. बगीच्यातली ती वाट अजून मोकळी आहे, तिथल्या फांद्या भाऊंनी पुन्हा गुंतू दिल्या नाहीत. सहा वर्षांची ती पोर त्या वाटेवरून पुढे पळाली, एका झाडाला चक्कर मारली, कमरेवर हात ठेवले आणि जाहीर केलं, "एक लाख."

अंदाजेभाऊंनी झाड शेंड्यापासून बुडापर्यंत नीट न्याहाळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर हाये."